लिनक्सवर गेम्स चालतात का? आधी सांगा, कोणते आणि कुणाबरोबर

प्रश्न थोडक्यात असा. २०१७ साली असेंबल केलेलं मशीन आहे: इंटेल आय५-७४००, १६ जीबी रॅम, जीटीएक्स १०५० टीआय कार्ड, २४० जीबीचा एसएसडी आणि १ टीबीची हार्ड डिस्क. विंडोज ११ हा प्रोसेसर घेत नाही आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मशीन अजून ठणठणीत आहे, मोडीत काढायचं नाही. रात्री मित्रांबरोबर व्हॅलोरंट, अधूनमधून काउंटर-स्ट्राइक २, आणि एकट्याने जीटीए ५ आणि द विचर ३, एवढं खेळणं होतं. विंडोजच्या जागी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकली तर हे सगळं चालेल का?

चारपैकी तीन चालतील. व्हॅलोरंट चालणार नाही, आणि कितीही खटपट केली तरी चालणार नाही. हे पहिल्यांदाच सांगतो, कारण लोक सगळं फॉरमॅट करून बसतात आणि मग विचारायला येतात.

मी वीसेक वर्षं मशीन असेंबल करतो, दुरुस्त करतो. २०१९ पासून माझ्या घरच्या मशीनवर विंडोज नाही आणि माझे सगळे गेम्स लिनक्सवर चालतात. तरी कुणी हा प्रश्न घेऊन आलं की मी उलट विचारतो: कोणते गेम खेळता, आणि कुणाबरोबर? एकट्याने कथा असलेले गेम खेळणाऱ्याला मी आज बिनदिक्कत हो म्हणतो. रँकसाठी, अनोळखी लोकांविरुद्ध ऑनलाइन खेळणाऱ्याला मात्र गेमचं नाव ऐकल्याशिवाय हो किंवा नाही म्हणत नाही. असं का, ते समजून घेतलंत तर पुढच्या गेमच्या वेळी कुणाला विचारावं लागणार नाही.

विंडोजचा गेम लिनक्सवर चालतो म्हणजे नेमकं काय होतं? बऱ्याच जणांना वाटतं की आत एक खोटा कॉम्प्युटर उभा केला जातो आणि त्यात विंडोज चालवलं जातं. तसं नाही. मराठी आणि हिंदीची लिपी एकच आहे. मराठी माणसाला हिंदी पानावरची अक्षरं वाचायला कुणी शिकवावं लागत नाही, अडतं ते शब्दांच्या अर्थाशी. इथेही तसंच आहे. गेमच्या फाइलमधल्या सूचना प्रोसेसरच्याच लिपीत असतात, विंडोज असो की लिनक्स, प्रोसेसर त्या थेट वाचतो. अडतं कुठे, तर गेम मधूनमधून ऑपरेटिंग सिस्टिमला काहीतरी मागतो तिथे: ही फाइल उघडून दे, हा आवाज वाजव, हा त्रिकोण पडद्यावर काढ. हे मागणं विंडोजच्या शब्दांत असतं. वाइन नावाचा प्रोग्रॅम ते ऐकतो आणि लिनक्सकडून तेच काम करून घेतो. वाइनचं काम १९९३ पासून चालू आहे. चित्रं काढायचं मागणं डायरेक्टएक्सच्या भाषेत येतं. डायरेक्टएक्स ८ पासून ११ पर्यंतचं मागणं डीएक्सव्हीके, आणि १२ चं व्हीकेडी३डी-प्रोटॉन, व्हल्कन या लिनक्सवरही चालणाऱ्या चित्रांच्या भाषेत बदलून देतात. ही सगळी मंडळी एकत्र बांधून व्हॉल्व्ह कंपनीने ऑगस्ट २०१८ मध्ये स्टीम या आपल्या गेम्सच्या दुकानवजा ॲपमध्ये घातली, त्या गाठोड्याचं नाव प्रोटॉन.

प्रोटॉनच्या आधीचे दिवस मी पाहिलेत. १९९८ मध्ये लोकी नावाची कंपनी विंडोजचे गेम्स लिनक्सवर आणायला निघाली आणि २००२ च्या सुरुवातीला बंद पडली. २०१३ मध्ये स्टीम लिनक्सवर आलं, २०१५ मध्ये स्टीम मशीन नावाचे तयार कॉम्प्युटर आले, पण चालवायला गेम्सच पुरेसे नव्हते, म्हणून ते कुणी घेतले नाहीत. प्रत्येक कंपनीने लिनक्ससाठी वेगळा गेम बनवावा ही अपेक्षाच चुकीची होती. इतक्या थोड्या गिऱ्हाइकांसाठी कोण बनवणार? प्रोटॉनने ती अपेक्षाच काढून टाकली. गेम विंडोजसाठीच बनू द्या, भाषांतराचं काम आम्ही करतो. मग फेब्रुवारी २०२२ मध्ये स्टीम डेक आला, हातात धरून खेळायचा, आत आर्च या लिनक्सच्या एका प्रकारावर बेतलेली स्टीमओएस. आता गेम बनवणाऱ्यांनाही आपला गेम डेकवर चालावा असं वाटू लागलं, कारण त्यात विक्री होती. एल्डन रिंग आला तेव्हा तो विंडोजवर अडखळत होता, आणि डेकवरचं अडखळणं व्हॉल्व्हच्या लोकांनी भाषांतराच्या थरातच दुरुस्त करून दिलं. एवढं सगळं होऊन स्टीमच्या मासिक पाहणीत लिनक्सचा वाटा २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये पहिल्यांदा ३ टक्क्यांच्या वर गेला. आकडा लहान आहे. पण दहा वर्षांपूर्वी लिनक्सवर गेम खेळतो म्हटलं की लोक विषय बदलायचे, आता अनोळखी माणसं कार्डाचा मॉडेल नंबर घेऊन विचारायला येतात.

आता व्हॅलोरंट का नाही.

फसवणूक पकडण्यासाठी गेमबरोबर अँटी-चीट नावाचा पहारेकरी येतो. पहारेकरी दोन जातीचे. एक गेमच्या शेजारी, साध्या प्रोग्रॅमसारखा बसतो. दुसरा विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, ड्रायव्हर होऊन बसतो आणि तिथून सगळं मशीन पाहतो. व्हॅलोरंटचा व्हॅनगार्ड दुसऱ्या जातीचा, तो तर मशीन सुरू होतानाच लोड होतो. वाइन विंडोजच्या वरच्या मजल्यावरच्या मागण्या पुरवतो, गाभ्यात ड्रायव्हर बसवू देणं त्याच्या आवाक्यात नाही, आणि माझ्या मते ते असूही नये. कंपनीच्या बाजूनेही कारण खरं आहे: लिनक्सचा कर्नल कुणीही बदलून पुन्हा बांधू शकतो, मग त्यावर उभा असलेला पहारेकरी कशावर विश्वास ठेवणार? मला त्यांचा मार्ग पटत नाही, पण अडचण काल्पनिक नाही. लीग ऑफ लेजेंड्स कित्येक वर्षं वाइनवर सुरळीत चालत होता. २०२४ मध्ये त्यालाही व्हॅनगार्ड लागला आणि एका अपडेटसरशी लिनक्सवरचे सगळे खेळाडू बाहेर.

काही पहारेकरी विंडोजवर गाभ्यात बसतात, पण प्रोटॉनवर साध्या प्रोग्रॅमसारखे चालू शकतात. तेही नेहमी आत सोडतात असं नाही. इझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोघांनी सप्टेंबर २०२१ मध्ये प्रोटॉनसाठी पाठिंबा जाहीर केला, पण दार उघडायचं की नाही हे प्रत्येक गेमची कंपनी ठरवते. एल्डन रिंगने उघडलं, डेड बाय डेलाइटने उघडलं. फोर्टनाइटने उघडलं नाही. एपेक्स लेजेंड्सने २०२२ मध्ये उघडलं आणि ३१ ऑक्टोबर २०२४ ला बंद केलं. म्हणून ऑनलाइन गेमच्या बाबतीत 'आज चालतो' एवढंच म्हणता येतं. ज्या गेमवर तुमचा जीव आहे, पैसे लावलेत, मित्रांचा कट्टा जमलाय, त्याचा अँटी-चीट लिनक्सला आत सोडत नसेल तर त्याच्यासाठी विंडोज ठेवा. व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे मघाच्या त्या खोट्या कॉम्प्युटरमध्ये, विंडोज लपवून चालवण्याचे उपाय सापडतील. करू नका. पहारेकऱ्याला चकवण्याच्या नादात अकाउंट कायमचं बॅन होतं, आणि तेव्हा 'मी चीट करत नव्हतो, लिनक्स वापरत होतो' हे ऐकायला कुणी बसलेलं नसतं.

तुमच्या जीटीए ५ ला हाच नियम लावा. कथा चालते, व्यवस्थित चालते. जीटीए ऑनलाइनला सप्टेंबर २०२४ मध्ये बॅटलआय लागला आणि लिनक्सवाल्यांसाठी दार उघडलं गेलं नाही, त्यामुळे तो भाग नाही. काउंटर-स्ट्राइक २ तर व्हॉल्व्हचाच, लिनक्सची वेगळी आवृत्ती आहे, प्रोटॉनसुद्धा लागत नाही. फक्त तुम्ही फेसइट या बाहेरच्या मॅचमेकिंग साइटवर खेळत असाल तर तिथला अँटी-चीट लिनक्सवर नाही. गेममधलं प्रीमियर आणि साधं मॅचमेकिंग चालतं.

इथून पुढे तुमच्या ग्राफिक्स कार्डाविषयी. यशापयश यावर ठरतं, आणि नेमकं हेच कुणी विचारत नाही.

१०५० टीआय हे एनव्हिडियाच्या पास्कल पिढीचं कार्ड. एनव्हिडियाने मे २०२२ मध्ये लिनक्स ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग खुला केला, पण तो खुला भाग ट्युरिंग पिढीपासून, म्हणजे १६०० आणि आरटीएक्स २००० मालिकेपासून पुढेच चालतो. तुमच्या कार्डाला जुनाच बंद भाग लागतो. शिवाय पास्कलसाठी ५८० ही ड्रायव्हरची शेवटची शाखा आहे. म्हणून यूट्यूबवर बघून कुणी सांगितलं की आर्च टाका, कॅचीओएस (तोही लिनक्सचाच प्रकार) टाका, सगळ्यात ताजं तेच भारी, तर तुमच्या कार्डासाठी ते ऐकू नका. २०२५ च्या डिसेंबरमध्ये आर्चने मुख्य पॅकेज ५९० शाखेवर नेलं आणि पास्कलवाल्यांना जुन्या शाखेचं पॅकेज वेगळं शोधून बसवावं लागलं. ज्याला ठाऊक नव्हतं त्याने अपडेट मारलं आणि पुढच्या वेळी डेस्कटॉपच आला नाही. तुम्ही लिनक्सचा मिंट हा प्रकार घ्या. तो उबंटू २४.०४ या दुसऱ्या लोकप्रिय प्रकारावर बेतलेला आहे, २०२९ पर्यंत सांभाळला जाणार आहे आणि त्यातल्या ड्रायव्हर मॅनेजरमध्ये ५८० ची शाखा एका टिचकीत मिळते. दिसायला जुन्या विंडोजसारखा आहे, घरातल्यांनाही वापरता येतो.

पास्कलचं दुसरं दुखणं डायरेक्टएक्स १२. या पिढीच्या कार्डांवर १२ चं भाषांतर फार महाग पडतं. विचर ३ ला डिसेंबर २०२२ मध्ये मोठं अपडेट आलं, तेव्हापासून तो सुरू करताना डायरेक्टएक्स ११ की १२ असं विचारतो. तुम्ही ११ निवडा. माझ्याकडे याच कार्डाचं एक मशीन आलं होतं, मालक म्हणत होते लिनक्सवर विचर अडखळतो. मी मँगोहड लावला. हे छोटं साधन पडद्याच्या कोपऱ्यात फ्रेम्सचा आकडा दाखवतं आणि त्याखाली एक रेघ, प्रत्येक फ्रेमला किती वेळ लागला त्याची. १२ वर ती रेघ करवतीच्या दात्यांसारखी होती, नोव्हिग्राडच्या बाजारात घोडा वळवला की एक उंच सुळका. गेम बंद केला, ११ निवडला, त्याच बाजारात तोच घोडा वळवला. रेघ जवळजवळ सपाट. कार्ड तेच, लिनक्स तोच, बदलला फक्त एक पर्याय. आकड्यापेक्षा त्या रेघेकडे बघायची सवय लावा. सरासरी फ्रेम्स चांगल्या असूनही खेळ बोचतो तो या सुळक्यांमुळे.

ज्यांची कार्डं याहून जुनी आहेत त्यांच्यासाठी: आपल्याकडे हजारो मशीनमध्ये जीटी ७१० आणि ७३० बसलेली आहेत. त्यातली केप्लर पिढीची कार्डं व्हल्कन १.३ देत नाहीत आणि प्रोटॉन ८ पासून पुढे तेच लागतं. इंटेलच्या चौथ्या पिढीच्या आतल्या ग्राफिक्सचंही हेच. अशा मशीनवर नवे गेम लिनक्सने चालतील ही आशा ठेवू नका. स्टीममध्ये गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन जुना प्रोटॉन ७ निवडला तर काही जुने गेम चालतात. याउलट रायझन ३२००जी किंवा ५६००जी असेल, कार्ड नसलं तरी, तर तुम्ही नशीबवान आहात. एएमडीचा खुला ड्रायव्हर मेसा या ग्राफिक्स ड्रायव्हरांच्या खुल्या संचात आहे, लिनक्सबरोबरच येतो, वेगळं काही बसवायचं नाही, आणि त्याच्या व्हल्कनच्या भागावर व्हॉल्व्हचे लोक स्वतः काम करतात. नवीन मशीन लिनक्ससाठीच घ्यायचं असेल तर मी एएमडीच सांगतो. एकाच ठिकाणी ते कमी पडतं: मोठ्या टीव्हीला एचडीएमआयने जोडून ४के आणि १२० हर्ट्झ हवं असेल तर. एचडीएमआय २.१ खुल्या ड्रायव्हरमध्ये घालायला एचडीएमआय फोरमने २०२४ मध्ये नकार दिला. मॉनिटरला डिस्प्लेपोर्ट असेल तर हा प्रश्नच येत नाही.

आता हार्ड डिस्क. तुमचे गेम्स १ टीबीच्या डिस्कवर, विंडोजच्या एनटीएफएस पार्टिशनवर आहेत असं मी धरतो, कारण सगळ्यांचे असतात. लिनक्सवर ते तसेच चालतील असं वाटतं. गेल्या दिवाळीत माझ्या भाच्यालाही वाटलं. त्याने स्वतः मिंट टाकला, ड्रायव्हर टाकला, स्टीम टाकलं, स्टीमला जुनी डिस्क दाखवली, सगळे गेम्स यादीत दिसले. ८० जीबी पुन्हा डाउनलोड करायला नको म्हणून खुशीत होता. संध्याकाळी फोन आला. "मामा, हिरवं प्ले बटण दाबलं की निळं होतं, दोन सेकंद थांबतं, पुन्हा हिरवं होतं. एरर नाही, काही नाही." मी विचारलं, गेम कुठल्या डिस्कवर आहे? "डी ड्राइव्हवर." निदान तिथेच झालं. प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी कॉम्पॅटडेटा नावाच्या फोल्डरात एक छोटं विंडोजचं घर बांधतो. त्या घरात 'सी' आणि पुढे विसर्गचिन्हासारखे दोन ठिपके अशा नावाचे दुवे असतात, फाइलींच्या परवानग्या लिनक्सच्या पद्धतीच्या लागतात. विंडोजला ते दोन ठिपके फाइलच्या नावात चालत नाहीत, एनटीएफएसवर परवानग्या लिनक्सला हव्या तशा बसत नाहीत, आणि घर अर्धवट राहतं. गेम दार उघडतो, आत काही नाही, परत जातो. बटण हिरवं.

त्याला म्हटलं, एसएसडीवर लिनक्सच्या ईएक्सटी४ पार्टिशनवर स्टीमची नवीन लायब्ररी कर आणि स्टीमच्या स्टोरेज पानावरून तो एक गेम तिकडे हलव. डाउनलोड नाही, नुसती कॉपी. अर्ध्या तासाने पुन्हा फोन: आता 'व्हल्कन शेडर्सवर प्रक्रिया' अशा अर्थाची खिडकी आली आहे आणि टक्के मुंगीच्या पावलांनी सरकताहेत, स्किप करू का? नको. गेम चित्र काढताना जे छोटे प्रोग्रॅम कार्डाला देतो ते आधीच बांधून ठेवण्याचं काम तिथे चालू असतं. चार कोरच्या प्रोसेसरवर वेळ लागतो, चहा करून या. स्किप केलं तरी गेम सुरू होतो, पण मग तेच काम खेळता खेळता होतं आणि पहिला तासभर धक्के बसतात. ड्रायव्हर बदलला की ही खिडकी पुन्हा येते, मशीन बिघडलं असं समजू नका. त्या रात्री साडेअकराला त्याने पडद्याचा फोटो पाठवला, गेम चालू होता. खाली लिहिलं होतं, "धक्का एकपण नाही."

तर तुमची मांडणी अशी करा. व्हॅलोरंट सोडायचा नसेल तर विंडोज १० आहे त्या एसएसडीवर राहू द्या, त्याला हात लावू नका. विंडोज १० ला घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेट्स ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहेत, ती नोंदणी करून घ्या. त्या विंडोजवर फक्त व्हॅलोरंट ठेवा, बँकेचं आणि मेलचं काम तिथून काढून लिनक्सवर आणा. लिनक्ससाठी ५०० जीबीचा दुसरा एसएसडी घ्या आणि मिंट टाकताना जुन्या एसएसडीची साटा केबल काढून ठेवा. नाकापेक्षा मोती जड वाटेल, पण एकाच डिस्कवर दोन्ही ठेवलं की कधीतरी विंडोजचं एखादं मोठं अपडेट बूटचा क्रम स्वतःकडे घेतं आणि मग पेन ड्राइव्ह घेऊन दुरुस्तीला बसावं लागतं. दोन वेगळ्या डिस्क असल्या की मशीन सुरू होताना बूट मेन्यूची कळ दाबायची आणि हवी ती निवडायची, बहुतेक बोर्डांवर एफ८, एफ११ किंवा एफ१२. विंडोजमधलं 'फास्ट स्टार्टअप' बंद करा, नाहीतर विंडोज डिस्क अर्धवट बंद ठेवतं आणि लिनक्सला ती फक्त वाचण्यापुरती मिळते.

सिक्युअर बूट (सही असलेलंच सॉफ्टवेअर मशीन सुरू होताना चालू देणारी सोय) चालू असेल तर एक जागा सांभाळा. मिंटमध्ये एनव्हिडियाचा ड्रायव्हर टाकताना तुम्हाला एक पासवर्ड ठरवायला सांगतील. मग रीस्टार्ट केल्यावर निळा पडदा येतो, 'कोणतीही कळ दाबा' अशा अर्थाचं वाक्य आणि दहापासून उलटी मोजणी. दहा सेकंदांत कळ दाबून, की नोंदवण्याचा पर्याय निवडून तोच पासवर्ड द्यायचा. लोक त्या वेळी मोबाइल बघत असतात, मोजणी संपते, मशीन सुरू होतं, पण ड्रायव्हर लोड झालेला नसतो आणि पडदा कमी रिझोल्यूशनवर फताडा दिसतो. ड्रायव्हर खराब नाही, निळा पडदा हुकला एवढंच.

स्टीम उबंटूच्या स्नॅप या पॅकेज पद्धतीतून घेऊ नका, व्हॉल्व्हच्या लोकांनीच २०२४ मध्ये ते टाळायला सांगितलं आहे. स्टीमच्या साइटवरची डेब फाइल किंवा मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधलं सिस्टिम पॅकेज घ्या. सेटिंग्जमध्ये 'कम्पॅटिबिलिटी'त सगळ्या गेम्ससाठी प्रोटॉन वापरण्याची खूण बघा, नव्या स्टीममध्ये ती बहुधा केलेलीच असते. एखाद्या गेमची लिनक्स आवृत्ती असूनही तो नीट चालत नसेल तर त्याच ठिकाणी प्रोटॉन सक्तीने निवडा. पुष्कळ जुन्या लिनक्स आवृत्त्या कंपन्यांनी वाऱ्यावर सोडल्या आहेत आणि विंडोजचीच आवृत्ती प्रोटॉनवर जास्त चांगली चालते.

गेम विकत घेण्याआधी प्रोटॉनडीबी ही साइट उघडा. तिथे खेळाडू आपापले अनुभव लिहितात, प्लॅटिनम (उत्तम) ते बोर्क्ड (चालतच नाही) अशी प्रतवारी असते. पण नुसती पदकं बघू नका, खाली उतरून तुमच्या कार्डासारखं कार्ड असलेल्या माणसाने गेल्या सहा महिन्यांत काय लिहिलंय ते वाचा. ऑनलाइन गेम असेल तर आर-वी-अँटी-चीट-यट या साइटवर त्याचं नाव शोधा. आणि स्टीमचा परतावा लक्षात ठेवा: खरेदीपासून १४ दिवसांत, दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मिळतात. लिनक्सवर चालला नाही हे कारण पुरतं. पहिल्या तासातच वेगवेगळ्या जागा खेळून बघा, मेन्यूमध्येच वेळ घालवू नका.

एपिक आणि गॉग या दुकानांतले गेम्स हिरोइक नावाच्या लाँचरमधून चालतात, बॅटलनेटवरचे ल्युट्रिस नावाच्या लाँचरमधून. मायक्रोसॉफ्टचा गेम पास मात्र इथे बसत नाही, ब्राउझरमधून क्लाउडवर खेळता येतं तेवढंच. कंट्रोलरचा प्रश्न जवळपास संपला आहे: एक्सबॉक्सचा यूएसबीने जोडला की चालतो आणि प्लेस्टेशन ५ च्या कंट्रोलरचा ड्रायव्हर तर सोनीने स्वतः कर्नलमध्ये दिला आहे.

क्रॅक केलेल्या गेम्सबद्दल वेगळ्या निरोपातही विचारणा होते, म्हणून इथेच लिहितो. 'लिनक्सवर विंडोजचा व्हायरस काय करणार' या भरवशावर लोक कुठूनही उतरवलेले रिपॅक (क्रॅक करून पुन्हा बांधलेले गेम्स) वाइनमध्ये चालवतात. वाइन म्हणजे तुरुंग नव्हे. तो तुमची सगळी डिस्क त्या प्रोग्रॅमला 'झेड' ड्राइव्ह म्हणून दाखवतो. तुम्हाला वाचता येणारी प्रत्येक फाइल, फोटो, ब्राउझरमधले पासवर्ड, त्या प्रोग्रॅमलाही वाचता येतात. सेलमध्ये जुने उत्तम गेम्स वडापाव आणि दोन चहांच्या पैशांत मिळतात, ते घ्या.

आणि जुन्या गेम्सचा विषय निघालाच आहे तर, इथे लिनक्स विंडोजच्या पुढे आहे. १९९५ ते २००५ च्या काळातले सीडीवरचे पुष्कळ गेम्स नव्या विंडोजवर सुरूच होत नाहीत. ६४ बिट विंडोजने १६ बिटचे प्रोग्रॅम केव्हाच सोडून दिले, वाइन ते अजून चालवतो. शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये सर बाहेर गेले की आम्ही डेंजरस डेव्ह आणि प्रिन्स ऑफ पर्शिया हे जुने गेम्स उघडायचो, फ्लॉपीवरून. ते दोन्ही डॉसबॉक्स या जुने डॉसचे गेम्स चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये आजही माझ्या मशीनवर आहेत, आणि भाच्याला प्रिन्सचा सुळ्यांवरचा पहिला मृत्यू दाखवला तेव्हा तो खुर्चीतून उठला होता.

पहिल्या आठवड्यात एवढंच करा: मिंट, ५८० चा ड्रायव्हर, स्टीम, आणि ईएक्सटी४ वर विचर ३, डायरेक्टएक्स ११ वर. दुसरं काही टाकू नका, थीम बदलू नका, कर्नल बदलू नका. नोव्हिग्राडच्या बाजारात जाऊन घोडा वळवून बघा. अडखळला तर मँगोहडच्या त्या रेघेचा फोटो, ड्रायव्हरचा नंबर आणि प्रोटॉनची आवृत्ती लिहून पाठवा. या तीन गोष्टी असल्या की उत्तर देता येतं.